घेणारीचं बटन

बायको दिवाळीच्या तोंडावर गेली. माघात हळद काढणीला आली तेव्हा ओसरीवर तिच्या बसायच्या जागी एक लॅपटॉप येऊन बसला होता. पोरीनं आणलेला. पोरगी पुण्यात एका कंपनीसाठी वेबसाईटी बनवते. बनवते म्हणजे नेमकं काय करते हे मला कधी कळलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. मी चौथी शिकलेला माणूस. कोणी विचारलं तर "कॉम्प्युटरमधी हाय" म्हणायचो, जसं कोणी "तुरुंगात हाय" म्हणावं तसं.

माय गेल्यावर तिनं घरून काम करायची परवानगी काढली. म्हाताऱ्याला सोबत म्हणून आली, असं गावानं आपसात ठरवून टाकलं. मला सोबत नको होती. मला बायको पाहिजे होती, आणि ती काही कंपनी देत नव्हती.

आता हळदीचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या शिवाराला सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी आहे, त्यामुळं घरटी थोडीतरी हळद असते. पण जमिनीतून काढली आणि बाजारात नेली असं हळदीचं नसतं. आधी निवडायची. गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी, पुढच्या सालचं बेणं वेगळं. मग कुकरमध्ये शिजवायची. कुकर म्हणजे घरातला शिट्टीचा नव्हे. लोखंडाची मोठी पिंपं, बाजूला पाण्याची टाकी, टाकीखाली जाळ. वाफेवर शिजली की खळ्यावर दोन हप्ते उन्हात वाळवायची. वाळली की ढोलात घालून फिरवायची, म्हणजे वरची साल निघून पिवळी दिसते. मग बाजार.

आमच्या गावात अकरा बायांनी मिळून हा कुकर, खळं आणि ढोल उभा केलेला. प्रत्येक टप्प्यावर दोन-दोन बाया नेमलेल्या, आणि सगळ्यांवर माझी बायको. मी जाळ घालणारा. सगळ्या कामांतलं तेवढं एकच बायांनी गड्याला दिलेलं, कारण त्यात अक्कल लागत नाही असं बायकोचं म्हणणं.

तकलीफ अशी की अकरा घरांची हळद एका वेळी अकरा ठिकाणी असते. एकीची जमिनीत, दुसरीची पिंपात, तिसरीची उन्हात. आणि जिथं हळद असंल तसा कायदा. निवडताना पाण्यानं धुतली तर चांगलं, वाळताना थेंब पडला तर सत्यानाश. शिजायच्या आधी बेणं बाजूला काढलं तर शहाणपण, शिजल्यावर आठवलं तर येडेपणा, शिजलेलं बेणं उगवत नसतं. हे सगळं बायकोच्या डोक्यात. तिला सही येत होती, बाकी कागदाशी तिचं वैर. तरी कोणाची हळद कुठं आली हे तिला बसल्या जागी ठाऊक.

ती गेली आणि बाया खळ्यावर नुसत्या एकमेकींकडं बघून राहिल्या. थोरल्या वहिनीनं तोंड उघडलं. वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि जिभेनं वीस.

"भावजी, या सालची हळद नीट बाजाराला लागली तर गट राहील. न्हाई लागली तर कुकर देऊन टाकू आन ज्याचं त्यानं बघू."

पोरगी म्हणाली, "काकू, मी वेबसाईट करते. फोनवर दिसंल कोणाची हळद कुठं हाय आन पुढं काय करायचं."

बाया हो म्हणाल्या. मेलेल्या बाईच्या लेकीला नाही कोण म्हणणार.

मी खरं सांगतो, मला वाटत होतं हे फसावं. पोरीचं वाईट चिंतत नव्हतो. पण जे काम बायकोनं इतकी सालं डोक्यात केलं ते फोननं आठ दिवसांत केलं, तर मग ती काय करत होती? टिक-टिक करणारं एक यंत्र होती का? तिच्याशिवाय अडलं पाहिजे, निदान एक साल तरी, असं मला वाटत होतं. माणूस गेल्यावर घरच्यांना कसले कसले लाड सुचतात.

पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी वहिनी फोन हातात धरून ओसरीवर आली. तिची हळद सकाळीच पिंपात गेलेली.

"हा म्हणतोय, आज हळद काढा. कुठून काढू गं? जमिनीत आता गांडुळं हायेत. का पिंपातून काढू अर्धी कच्ची?"

पोरीचं तोंड उतरलं. तिनं खटखट करून ते दुरुस्त केलं. तोवर शेजारच्या घरची वाळत घातलेली हळद, तिला फोननं सांगितलं, पाण्यानं धुवा. बरं झालं त्या घरची सून वाचून हसली, धुतली नाही. पोरीनं तेही दुरुस्त केलं, तर ढोलाचं पान फोनवर उघडेचना.

मी बिडी विझवून तिच्या मागं जाऊन बसलो. "एक धरलं की दुसरं काहून सुटून राहिलं?"

"आबा, सगळं एकाच फाईलीत लिहिलंय. जागोजागी असं हाय, की काढणीचा टप्पा असंल तर हे दाखव, शिजवायचा असंल तर ते दाखव, वाळायचा असंल तर अजून काही. एक गोष्ट बदलली की त्या साऱ्या जागा हुडकून बदलाव्या लागतात. एखादी ऱ्हातेच."

"म्हंजे एकाच पातेल्यात चहा, वरण आन आंघोळीचं पाणी."

"तसंच समजा."

"कंपनीत बी असंच करतीस?"

"घाईत असलो की करतो."

"आन कंपनी चालून राहिली?"

"राहिली की."

"मंग तिथं हळद नसंल."

तिला राग आला. मायसारखाच आला, नाकाच्या शेंड्यापासून. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली आणि ते सगळं मोडून नव्यानं बांधलं. तिसऱ्या दिवशी मला समोर बसवून सांगितलं. आता प्रत्येक टप्प्याची फाईल वेगळी. काढणीची वेगळी, शिजवणाची वेगळी, वाळवणाची, ढोलाची. काय दाखवायचं, काय करू द्यायचं आणि काय नाही, आपल्या पुढं कोणता टप्पा आहे, हे ज्याचं त्यानं जाणायचं. फोनवरच्या पानाला स्वतःची अक्कल काहीच नाही. ते फक्त विचारतं, सध्या कोणता टप्पा आहे, आणि तो सांगेल तसं वागतं. वाळवणात बदल केला तर शिजवणाला खबरही लागत नाही.

"आता ठीक हाय ना?" ती म्हणाली.

मी ठीक म्हणालो नाही, पण मला ते बराबर कळलं होतं. कारण असं वागणारी एक बाई माझ्या घरात होती. हळद निवडताना बायको गप्पा हाणायची, कोणाच्या घरात काय शिजलं ते सगळं त्या ढिगाऱ्यापाशी कळायचं. तीच बाई कुकरपाशी आली की तिच्याशी बोलायची सोय नव्हती. तिथं मी एकदा गंमत केली तर तिनं हातातलं फावडं खाली ठेवून माझ्याकडं बघितलं, पुरे झालं. खळ्यावर ती आभाळाचा संशय घ्यायची, एक पांढरा ढग आला तरी ताडपत्र्या काढायला लावायची. आणि ढोल फिरायला लागला की लेकरासारखी हसायची, अंगभर पिवळी होऊन. बाई एकच. पण टप्पा बदलला की आपण कालची विसरायची आणि आजची कोण आहे ते बघून वागायचं. नव्या सुनांना हे कळायला एक साल लागायचं. मला चार लागली.

हे मी पोरीला त्या वेळी सांगितलं नाही. तिच्या यंत्राला कशाला मदत करायची.

बाया मात्र खूश झाल्या. ज्या टप्प्यात हळद त्या टप्प्याचंच पान, चुकीचं बटन दिसायचंच नाही. वहिनी फोन कमरेला खोचून असं हिंडायला लागली की जणू तिनंच बनवला. मला म्हणाली, "भावजी, तुमचा जाळ तेवढा फोनवर आला की तुमची बी सुट्टी."

मग आला हळद पुढच्या टप्प्यात ढकलायचा दिवस. त्यासाठी पोरीनं काय केलं होतं, तर जिची हळद तिलाच फोन विचारायचा. हळद तयार आहे का? खाली दोन बटनं. हिरवं, आहे. लाल, नाही.

खळ्यावर सहा घरांची हळद वाळत होती. एकाच सकाळी सहाच्या सहा घरांनी हिरवं दाबलं. पोरगी खूश, म्हणाली, ऊन चांगलं पडलं. मी खळ्यावरून आलो होतो. मी स्वतः एक हळकुंड उचलून मोडून बघितलं होतं. वाळलेलं हळकुंड खटकन मोडतं. हे वाकलं. दुसऱ्या ढिगातलंही वाकलं. मी ते हळकुंड परत ढिगात टाकलं, हात धोतराला पुसले आणि गप घरी आलो. हे मी फुशारकीनं लिहीत नाही.

पहिला मान वहिनीच्या हळदीचा. ढोलात ओली हळद फिरली की साल निघत नाही, हळकुंडंच एकमेकांवर आपटून फुटतात, चेंदामेंदा होऊन ढोलाच्या जाळीला बसतात. ढोल थांबवून बाहेर काढली तेव्हा वहिनीनं ओंजळीत घेऊन माझ्यापुढं धरली.

"भावजी, ही काय हाय? मला तर पिठलं दिसून राहिलं."

"तू हिरवं काहून दाबलं?"

"मंग काय लाल दाबू?"

बाकीच्या पाच जणी आपापल्या ढिगाकडं गेल्या आणि हळकुंडं वाकवून बघायला लागल्या. सगळ्यांची वाकली. दुपारी सगळ्या कुकरच्या सावलीत बसल्या आणि तिथं ठरलं. तीन दिवसांनी सोमवार. सोमवारी कळमनुरीकडच्या कुकरवाल्याला बोलवायचं, हा कुकर-ढोल त्यालाच देऊन टाकायचा, आणि पुढं ज्याची त्यानं हळद त्याच्याकडं न्यायची. एकजण डोळ्याला पदर लावून म्हणाली, "ती व्हती तवर व्हतं. आता कोणाच्यानं व्हतंय?"

हे ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे काय बरं वाटलं म्हणता, ऊर भरून आला. खळ्यापासून घरापर्यंत मी ताठ चालत आलो. अडलं ना शेवटी तिच्याशिवाय. मग ओसरीवर आलो तर पोरगी लॅपटॉप मिटवून भिंतीला टेकून बसलेली. रडत नव्हती. तळहात उलटेपालटे करून बघत होती, हळदीनं पिवळे झालेले. आणि मला तेव्हा डोक्यात शिरलं की सोमवारी जो कुकर जाणार आहे तो काही पोरीचा नव्हे. त्याच्यासाठी बायको अकरा घरांचे उंबरे झिजवत हिंडली होती. पाच जणींच्या नवऱ्यांनी तिला दारातून परत लावलं होतं, आणि त्या पाचांत एक तर मीच होतो, दोन महिने मी तिला घरातून हो म्हणालो नव्हतो. ती गेल्याचं मोठेपण मिरवायला मी तिचीच वस्तू घालवायला निघालो होतो.

पोरगी म्हणाली, "आबा, मायनं हे कसं केलं असतं?"

"तू आजवर इचारलं न्हाई."

"तुमी आजवर सांगितलं न्हाई."

मी तिच्यापुढं बसलो. "पयली गोष्ट. तुझं लाल बटन. त्याच्यावर काय लिहिलंय?"

"नाही."

"हळद तयार हाय का, तर नाही. कुंकवाची बाई घरात बसून हळद नाही म्हणंल का गं? आपल्या घरात मीठ संपलं असं कोणी म्हणतं का? वाढलं म्हणतो. दिवा इझवला म्हणत न्हाई. आन तू अकरा बायांना लाल बटनाला बोट लावून हळद नाही म्हणायला लावून राहिली. एक बी दाबणार न्हाई. तुझ्या मायनं बी दाबलं नसतं."

"मंग माय काय म्हणायची?"

"म्हणायची, हिला अजून दोन दिस ऊन पायजे. झाली न्हाई, हे सबूद तिच्या तोंडात नव्हतेच. काय पायजे तेवढंच सांगायची."

"दुसरी?"

"दुसरी मोठी हाय. तू इचारतीस कोणाला? जिची हळद तिला. ती काय सांगणार? मागं दहा घरं लाईनीत हायेत, माझ्यापायी खळं अडलं म्हणून बोल कोण घेईल? ती हिरवंच दाबणार. तुझ्या मायनं जिची हळद तिला कधीच इचारलं न्हाई. जी घेणार तिला इचारायची. शिजली का, हे खळ्यावरची सांगणार. काडी टोचून बघणार, सहज आत गेली तर घेणार. वाळली का, हे ढोलावरची सांगणार. मोडून बघणार. कारण कच्ची घेतली तर घाण तिला उपसावी लागती."

पोरगी पुटपुटली, "पुढं घ्यायचा हक्क पुढच्या टप्प्याचा. मी उलटं बांधलं." मग मान वर करून म्हणाली, "आन घेतली न्हाई तर?"

"तर परत."

"मागच्या टप्प्यात?"

"मंग कुठं, आकाशात? तू लहान असताना मायनं परत लावलेली टोपली डोक्यावर घेऊन खळ्यावरून कुकरपाशी किती येळा आली, इसरली का? पुण्यात गेली आन मागं जायचा रस्ताच ठेवला न्हाई. नुसतं पुढं, पुढं."

ती जरा हसली. हसली म्हणून मला उरलेलंही सांगावं लागलं. "आज सकाळी मी हळकुंड मोडून बघितलं व्हतं. वाकलं."

"कवा? ढोल फिरायच्या आधी?"

"व्हय."

"मंग बोलले काहून न्हाई?"

"फसावं वाटत व्हतं."

मला वाटलं उठून आत जाईल. ती लॅपटॉप उघडून माझ्या बाजूला सरकली. "बसा इथं. पुन्ना सांगा. ढोलापासून उलटं."

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. शनिवार-रविवार त्यात गेला. ढोलावरची नेमकं काय बघते. बेणं निवडून बाजूला काढलेलं दिसल्याशिवाय कुकरवरची हळदीला हात का लावत नाही. किती वेळा परत लावली तर बायको स्वतः येऊन बघायची. मला वाटत होतं मला फार काही ठाऊक नाही, मी जाळ घालणारा. पण पोरीनं एक विचारलं की माझ्या तोंडातून तीन उत्तरं निघायची, आणि प्रत्येकात बायको बोलत असायची, तिच्या शिव्यांसकट. शिव्या पोरीनं लिहून घेतल्या नाहीत.

सोमवारी सकाळी साईट नवी झाली. आता जिची हळद तिच्या फोनवर बटनच नाही, नुसतं लिहिलेलं दिसतं की हळद कुठं आहे. बटनं पुढच्या टप्प्यावरच्या बाईकडं. एक, घेतली. दुसरं, अजून ऊन पायजे. कुकर आणि खळ्याच्या मधल्या जागी, अजून वाफ पायजे. लाल रंग पोरीनं काढून टाकला, दोन्ही बटनं पिवळी.

कुकरवाला जीप घेऊन आला तेव्हा ढोलावरच्या दोघी उरलेल्या पाचही ढिगांतली हळकुंडं मोडून बघत होत्या. दोन ढीग घेतले, तीन परत उन्हात लावले. ज्यांचे परत लागले त्या तिघींनी बिनबोभाट पसरून घेतले, कारण त्यांना कोणी काही म्हणायला लावलंच नव्हतं. वहिनीची हळद तर आधीच गेलेली. तिनं कुकरवाल्याला चहा पाजला आणि म्हणाली, "दादा, हात रिकामा न्हाई, पुढल्या साली बघू." तो म्हणाला, तुम्हीच बोलावलं होतं. वहिनी म्हणाली, "बोलावलं म्हणून तर चहा दिला."

आमच्या घरची हळद शेवटी असायची. बायकोचा तसा दंडक, स्वतःचं सगळ्यांच्या मागून. ती शिजवायला मीच जाळ घातला. घाई कशाची होती कोणास ठाऊक, बहुतेक संपवायची. वाफ सुटली, वास आला, मी पिंप उतरवून हळद खळ्याच्या कडेला ओतली.

खळ्यावर सासूच्या जागी शेजारची ती सून होती, धुवा वाचून हसलेली. लग्न होऊन आल्यापासून माझ्यासमोर तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही. तिनं खाली बसून एक हळकुंड उचललं, काडी टोचली. अर्ध्यात अडकली. दुसरं उचललं. मग पदराला हात पुसून फोन काढला.

"शिजली हाय ती," मी म्हणालो. "तुझ्या जन्माच्या आधीपासून जाळ घालून राहिलो मी."

"व्हय मामा," ती म्हणाली आणि बटन दाबलं. माझ्या खिशात फोन वाजला. अजून वाफ पायजे.

"तुझ्या सासूला बोलावू का?"

"बोलवा की. पण बटन माझ्याकडंच हाय, मामा."

ती तोंड वळवून दुसऱ्या ढिगाकडं गेली. वहिनी ढोलापासून बघत होती, ती नुसती हसली. मी टोपली भरली आणि कुकरकडं परत निघालो. बायको असती तर तिनंही परतच लावली असती, पण आधी माझ्या सात पिढ्यांची अक्कल काढली असती. या सुनेनं काही काढलं नाही, गुमान परत लावली. मी पिंप भरलं, टाकीत पाणी बघितलं आणि जाळ सारला.